गाऱ्हाण्यात घातलेलं गाणं

माझ्या कामाचं नाव ऐकायला बरं वाटतं. म्युझिक प्रमोशन इंटर्न. कुडाळच्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस आहे. एका खोलीच्या भिंतींना स्पंज लावून स्टुडिओ केलेला आहे. दुसऱ्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, सर आणि मी. इथे मालवणी गाणी रेकॉर्ड होतात, आणि झाल्यावर ती लोकांच्या कानापर्यंत पोचवायची हे माझं काम. आई शेजाऱ्यांना सांगते, "ती गाण्यांच्या कंपनीत आहे." त्यामुळे शेजारच्या काकूंना वाटतं की मी गाते. मी गात नाही. लोकांसमोर फारशी बोलतही नाही.

आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे वर्गात मराठी बोललं तर बाकावर उभं करायचे, आणि घरी मालवणी बोललं तर आई म्हणायची, "नीट बोल." त्यामुळे मला मालवणी सगळी कळते, पण तोंडातून निघताना ती दारातच अडखळते. समोरचा मालवणीत विचारतो आणि मी पुस्तकातल्यासारखं उत्तर देते. मग तो विचारतो, "पुण्याची काय गो तू?" माझं घर ऑफिसपासून तीन गल्ल्या सोडून आहे.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्याच्या आदल्या संध्याकाळी सरांनी कॉम्प्युटर बंद करता करता सांगितलं होतं, "उद्या वालावलला बघू. लोकांनी गाणं उचललं तर ठीक. नाहीतर चाल चांगली आहे, आवाज बदलू."

मी "हो सर" म्हटलं होतं. पण रात्रभर ते "आवाज बदलू" माझ्या डोक्यातून जाईना.

गाणं मालवणच्या एका काकींचं होतं. काकी तिथल्या बाजारात मासे विकतात आणि संध्याकाळी त्यांच्या वाडीतल्या बायकांबरोबर भजन म्हणतात. हे गाणं त्यांनी स्वतः रचलेलं. किनाऱ्यावर बांगडे सुकत घातलेत, बाई राखण करत बसलीय, जरा डोळा लागला की कावळा येतो, आणि ती त्याला हाकलते.

हुश्श रे कावळ्या, हुश्श रे मेल्या,
वायच माझो डोळो लागलो, खंयसून इलंस रे?

एवढंच. प्रत्येक कडव्यात बाई कावळ्याला हाकलता हाकलता त्याच्याशी बोलायला लागते. सासूबद्दल सांगते, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याबद्दल सांगते, आणि मध्येच आठवण झाल्यासारखी परत हुश्श करते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकी ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आल्या होत्या. हेडफोन घालायला त्यांनी साफ नकार दिला. "ह्या कानार घातलंय तर माझा माका कसा आयकाक येतला?" त्यांच्या प्रत्येक "हुश्श"ला माइक फुटायचा. रेकॉर्डिंग करणारा दादा वैतागून म्हणाला, "काकी, ता हुश्श काढूया. नुसता कावळ्या म्हणा." काकींनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानेच बांगडा उचललाय. "ता काढलंस तर कावळो जायत कसो?"

हुश्श राहिलं. मी तेव्हा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन पोस्टरचं काम करत होते. गाणं संपलं तेव्हा लक्षात आलं की माझा हात बराच वेळ नुसता माऊसवर पडून आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही. ऑफिसमध्ये अशी गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, तुला काय गाण्यातलं कळतं. पण त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की हे गाणं मी पोचवणार, आणि याच आवाजात पोचवणार.

वालावलच्या अलीकडच्या एका वाडीत मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती, आणि त्यानिमित्त दुपारी डबलबारी. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. दोघे आपापल्या पखवाजवाल्या, झांजवाल्या मंडळींसह समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात; प्रत्येकाची पाळी म्हणजे एक बारी. देवाचं नाव घेता घेता एकमेकांना टोमणे मारतात, आणि लोक त्या टोमण्यांसाठीच येतात. बारीच्या शेवटी गजर चढत जातो. त्यात बुवा लोकांना माहीत असलेली एखादी चाल उचलतात आणि तिच्यावर देवाचं नाव बसवतात. एखाद्या गाण्याची चाल बुवाने गजरात घेतली की ते गाणं आठवडाभरात गावागावांत पोचतं. त्यापुढे आमचं इंटरनेट काहीच नाही. त्या मंडळाच्या सेक्रेटरींनी सरांना कबूल केलं होतं की डबलबारी सुरू होण्याआधी पाच मिनिटं काकींना देऊ. तीच पाच मिनिटं आमच्या हातात होती.

सकाळी मी रोजच्यासारखी आधी स्टेशनवर गेले. सहा आसनी रिक्षांच्या स्टँडवर चालकांना गाणी भरलेले पेनड्राइव्ह द्यायचे, हे माझं रोजचं काम. रिक्षात बसलेल्या माणसाला गाणं ऐकावंच लागतं, कारण तो उतरू शकत नाही. हे सरांचं तत्त्व आहे.

"गो बाय, तुझा ता कावळ्याचा गाणा लावलंय काल," एक चालक म्हणाला. "मागे एक म्हातारी बसली होती. तिचा घर इला तरी उतराक तयार नाय. म्हणता, कावळो गेलो की नाय ता तरी आयकू दी."

मी हसले. "मग?"

"मगे काय! कावळो जायसर थांबलंय."

त्याच्या बाजूचा दुसरा चालक तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "चाल बरी आसा. पण आवाज बाईचो. बाप्याचो व्हयो होतो, मगे गाडीत जोर येता."

"गाडीत जोर डिझेलान येता रे मेल्या," पहिला म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले, पण ते "बाप्याचो व्हयो होतो" मला लागलं. सर म्हणाले होते तेच हा माणूस म्हणत होता, आणि त्याला सर माहीतही नव्हते. मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. ते मनात तयार होईपर्यंत त्याची गाडी भरली आणि तो गेला.

जेवणाच्या वेळेच्या सुमारास काकी मालवणहून आल्या. सकाळचा बाजार उरकून, आंघोळ करून, तेच ठेवणीतलं लुगडं. हातात पिशवी. "तुझो सर खंय?"

"सरांना दुसरं रेकॉर्डिंग आहे. मी येतेय तुमच्याबरोबर."

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "एकटाच चेडू?"

"हो."

"बरा," त्या म्हणाल्या. त्या "बरा"मध्ये एकट्या पोरीवर फारसा विश्वास नव्हता.

रिक्षात आम्ही पुढे मागे बसलो. बाहेर काजूला मोहोर आलेला होता. काकी सगळ्यांशी बोलत होत्या, माझ्याशी सोडून. एका बाईला त्यांनी बांगडा ताजा आहे की नाही हे कसं ओळखायचं ते सांगितलं, दुसरीला तिच्या सुनेबद्दल सल्ला दिला. आवाज बदलण्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगावं की नाही याचा मी खूप विचार केला होता. सांगितलं असतं तर काकी तिथूनच परत गेल्या असत्या, किंवा गेल्या नसत्या आणि घाबरून गायल्या असत्या. त्या कुणालाच घाबरत नाहीत म्हणूनच तो आवाज तसा आहे, असं मला वाटायचं. म्हणून ते ओझं मी माझ्याकडेच ठेवलं.

मंडप देवळाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत होता. पूजा झाली होती, शिऱ्याचा प्रसाद वाटला जात होता, आणि दोन्ही बुवांची मंडळी आपापल्या पेट्या, पखवाज लावत होती. पखवाजाच्या शाई लावलेल्या बाजूवर कोणीतरी एकसारखं टिचक्या मारत होतं. खुर्च्या भरल्या होत्या, त्यामागे लोक उभे होते, आणि बायका उजव्या बाजूला चटईवर बसल्या होत्या.

सेक्रेटरी छातीवर बिल्ला लावून घाईत फिरत होते. मी पुढे जाऊन आमच्या ऑफिसचं नाव सांगितलं.

"हां, हां. तुमचं निवेदन ना?" ते ऑफिसात बोलतात तसं बोलले. "दोन मिनिटांत आटपा."

"निवेदन नाही. गाणं आहे. पाच मिनिटं ठरली होती."

"पाच कुठली? प्रमुख पाहुणे उशिरा येणार, त्यांचा सत्कार मध्येच घालायचाय. बुवा लोक खोळंबलेत. तुम्ही दोन शब्द बोला, हवं तर मोबाइलवरून गाणं अर्धं मिनिट वाजवा. बाईंना गायला नाही जमायचं."

"पण त्या मालवणहून आल्यात."

"मग प्रसाद घेऊन जाऊ दे," ते म्हणाले, आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर टॉवेल घालायला निघून गेले.

मी परत काकींजवळ आले. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"चल मगे," त्या म्हणाल्या. "माका संध्याकाळचा वाडीत भजन आसा."

"काकी, थांबा ना."

"कित्याक थांबू? अर्धा मिनिट मोबाइल आयकूक? मोबाइल तेंच्याकडे पण आसा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारात गिऱ्हाईक भाव न करता निघून गेलं की जसं बोलतात तसं त्या बोलत होत्या. मला मात्र माहीत होतं की आज त्या गायल्या नाहीत तर पुन्हा कधीच गायच्या नाहीत. निदान हे गाणं तरी नाही. सर उद्या फोन करतील, एखादा ओळखीचा गायक येईल, आणि हेडफोन घालून नीट कावळ्या म्हणेल.

"तुम्ही प्रसाद घ्या," मी म्हटलं. "मी बोलते."

"कोणाशी?"

"माइकवर."

काकींनी भुवया वर केल्या. निवेदक पाहुण्यांना आणायला गेला होता, त्यामुळे माइक मोकळा होता. सेक्रेटरींनी दोन शब्द बोला म्हटलंच होतं. मी स्टेजच्या पायऱ्या चढले. सेक्रेटरी ॲम्प्लिफायरपाशी उभे होते. त्यांनी मला बघून घड्याळाकडे बोट दाखवलं.

मी मोबाइलवर आधीच मजकूर टाइप करून ठेवला होता. तो मी आदल्या दिवशी चार वेळा सुधारला होता. माइकजवळ तोंड नेलं तर त्यातून माझाच श्वास मंडपभर ऐकू आला.

"नमस्कार," मी म्हटलं.

मंडप शांत झाला. त्या शांततेने मी जास्त घाबरले. पुढचं वाक्य मोबाइलवर होतं, पण मला ओळ सापडेना.

"आज आपल्यासमोर..."

मी थांबले. श्वास घेतला.

मंडपाच्या मागून कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

सगळा मंडप हसला.

"एक नवीन मालवणी गीत..." मी पुन्हा थांबले.

"व्हय म्हाराजा!" आता चार-पाच आवाज होते.

आमच्या भागात कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नवी होडी पाण्यात लोटायची असो, लग्न असो, घर असो. घालणारा एकेक वाक्य म्हणून थांबतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. पाळण्यात असल्यापासून कानावर असल्यामुळे, कुणी मोठ्याने एक वाक्य म्हणून थांबलं की ते शब्द माणसाच्या तोंडातून आपसूक निघतात. आणि मी भीतीने नेमक्या तिथेच थांबत होते. मी पुण्याच्या माणसासारखी निवेदन करतेय की गाऱ्हाणं घालतेय, हेच त्यांना कळेना.

"सादर करताना आम्हांला..."

"व्हय म्हाराजा!" आता मंडपाचा अर्धा भाग. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हसून हसून डोळे पुसत होता. खाली उतरावं असं वाटलं. तेवढ्यात मला खांबाजवळ काकी दिसल्या. त्या हसत नव्हत्या. हातात प्रसादाची वाटी घेऊन त्या बघत होत्या, जणू मी त्यांचे बांगडे राखायला बसलेय आणि कावळा आलाय.

मी मोबाइल खाली केला.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं.

मग सगळा मंडप एकदम म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्या आवाजात आता चेष्टा कमी होती. सवय जास्त होती.

"आज ह्या मंडपात... तुझी सगळी लेकरा जमली आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्यात मालवणची एक काकी इली हा..." मला पुढचा शब्द सुचेना. मालवणीत सगळं ओकारान्त असतं असं मला वाटायचं. "तिचो गाणो घेवन..."

मंडप फुटलाच. "गाणो नाय गो बाय! गाणा! गाणा!" बायकांच्या बाजूने, पुरुषांच्या बाजूने, पखवाजवाल्याने सुद्धा.

"तिचा गाणा घेवन," मी म्हटलं.

"व्हय म्हाराजा!"

"ता गाणा... आज अर्ध्यार तुटू देव नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"अख्ख्या पाच मिनटांचा होऊ दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण मधीच माईक बंद करीत... तेका तू सुबुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सगळ्यात मोठा आवाज माझ्या अगदी जवळून आला. ॲम्प्लिफायरपाशी सेक्रेटरी हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि आपण काय म्हणून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

"माका फसवलंस गो," ते म्हणाले. ऑफिसातली भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली होती.

खालून एक बुवा ओरडले, "आता देवासमोर व्हय म्हटलंस मरे! सोड काकींका गाऊक!"

सेक्रेटरींनी हात उडवला आणि बाजूला झाले. काकींनी वाटी एका बाईच्या हातात दिली, पदराने बोटं पुसली आणि वर आल्या. माझ्याजवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "गाणो काय गो. शाळेत काय शिकवतत तुमका?"

त्या गायल्या. पेटी नाही, पखवाज नाही. बुवांच्या मंडळीतल्या एका झांजवाल्याने दुसऱ्या कडव्यापासून हळूच झांज धरली, तेवढीच साथ. पहिल्या "हुश्श"ला माइक फुटला आणि लोक हसले. दुसऱ्या "हुश्श"ला बायकांच्या बाजूने दोघीतिघींनी हुश्श केलं. नवरा समुद्रावर गेलेला आणि पाच दिवस झाले, असं कडवं येतं तिथे काकी थांबतात, श्वास घेतात, आणि कावळ्याला विचारतात की तू एवढा फिरतोस, तुला कुठे होडी दिसली का. त्या कडव्याला कुणी हसलं नाही. मी व्हिडिओ काढत होते. कॅमेरा मी काकींवर ठेवला आणि नजर लोकांवर. मला हे जमतं, लोकांकडे बघणं. ते माझ्याकडे बघत नसले की मी बरी असते.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. पाहुणे आले, सत्कार झाला, आणि डबलबारी सुरू झाली. काकींना संध्याकाळचं भजन होतं, पण त्या बसल्या. "बघू तरी काय करतत बुवा," त्या म्हणाल्या.

पहिल्या बारीच्या गजराला बुवांनी डोळे मिटून आलाप घेतला, आणि मी खुर्चीत सरळ झाले. चाल काकींची होती. शब्द देवाचे होते, पण एका ओळीवर बुवांनी डोळे उघडले, समोरच्या बुवांकडे बघितलं आणि हात उडवला, "हुश्श रे कावळ्या!" मंडप वेडा झाला. समोरच्या बुवांनी आपल्या बारीत त्याच चालीवर उत्तर दिलं की कावळा म्हणतो, तुझा बांगडा खारट आहे, मी उगाच आलो. काकी हसून हसून बाजूच्या बाईच्या खांद्यावर कलल्या. मला वाटलं, झालं. गाणं पोचलं.

मध्यंतरात सरांचा फोन आला. डबलबारी कुणीतरी मोबाइलवरून लाइव्ह दाखवत होतं आणि ते ऑफिसात बसून बघत होते.

"अगं, काय उचललं लोकांनी! बघितलंस ना?"

"हो सर."

"मी म्हणत होतो ना, चाल चांगली आहे. आता असं कर. पहिल्या बुवांना आत्ताच्या आत्ता भेट. त्यांच्याच आवाजात करू. पुढच्या आठवड्यात स्टुडिओ मोकळा आहे."

मी मंडपाच्या मागे आले. तिथे चहाची भांडी धूत होते. थोडं पुढे माड होते आणि त्यांच्यामधून खाडीचं पाणी दिसत होतं.

"सर, लोकांनी उचललं तर ठीक, असं ठरलं होतं."

"उचललं की. बुवांच्या तोंडून उचललं."

"आधी काकींच्या तोंडून."

"हे बघ," ते समजावत म्हणाले, "तू नवीन आहेस. लोकांना ओळखीचा आवाज लागतो."

मला राग आला की मी गप्प होते, ही माझी सवय आहे. गप्प झाले असते तर तिथेच संपलं असतं. मी मंडपाकडे बघितलं आणि जे बघितलं होतं तेच सांगितलं. "सर, बुवा गात होते तेव्हा लोक समोरच्या बुवांकडे बघून हसत होते. टोमणा कुणाला लागला ते बघत होते. काकी गात होत्या तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे खाली बघत होते, होडीच्या कडव्याला. माझ्याकडे व्हिडिओ आहे. तुम्ही बघा."

"व्हिडिओ बघतो, पण..."

"आणि मी गाऱ्हाणं घातलंय, सर."

"काय?"

"काकीचा गाणा म्हणान गाऱ्हाणा घातलंय. सगळ्या मंडपान व्हय म्हटल्यान. आता ता दुसऱ्याच्या आवाजात घालूक माका जमाचा नाय."

सरांशी मी कधी मालवणीत बोलले नव्हते आणि त्यांनाही मी कधी मालवणीत बोलताना ऐकलं नव्हतं. ऑफिसात आम्ही दोघंही शुद्ध बोलतो. ते कोल्हापूरच्या रस्त्यावरच्या फोंडाघाटचे, म्हणजे घरी मालवणीच बोलणारे, हे मला मालवणच्या एका गायकाकडून कळलं होतं.

"मंडपान व्हय म्हटल्यान?" त्यांनी विचारलं.

"सेक्रेटरीन पण."

ते हसले की खोकले, ते नीट कळलं नाही. "देवासमोर घातलंस तर मगे आता काय बोलू मी," ते म्हणाले. "टाक काकीचो व्हिडिओ आपल्या चॅनेलार. आत्ताच टाक, लोक शोधूक लागायच्या आधी. पण चलला नाय तर सरान सांगितल्यान म्हणान सांगू नको. तू घातलंस, तूच निस्तर."

"हो," मी म्हटलं.

मी परत आले तेव्हा काकी चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधत होत्या. "कोणाचो फोन? तुझ्या सराचो?"

"हो. गाणा तुमच्याच आवाजात जातला म्हणाले."

काकींना एक चप्पल मिळाली होती. ती पायात घालता घालता त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. "मगे? आणि कोणाच्या जातला?"

दुसरी चप्पल मी शोधून दिली. रिक्षात बसवून दिल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढून सांगितलं, "फुडच्या वेळेक झांज आमचीच आणतलंय. ह्यांची वायच मागे पडता." आणि गाडी निघून गेली.

मंडपात माझ्या सिमला इंटरनेट नीट मिळत नव्हतं. व्हिडिओ अर्ध्यावर जाऊन थांबायचा आणि परत सुरुवातीला यायचा. बाऱ्यांची दुसरी फेरी सुरू झाली होती आणि कुठूनतरी एक मुलगी मोठ्याने हुश्श करत होती. मी माडांमधून खाडीच्या काठापर्यंत गेले. तिथे एका दगडावर चढून फोन वर धरला तर एक काडी दिसली, मग दोन. व्हिडिओखाली मी काकींचं नाव लिहिलं, आणि त्यापुढे लिहिलं की हे गाणं त्यांनीच रचलं आणि त्यांच्याच आवाजात आहे. पाठवा दाबलं. निळी रेघ हळूहळू पुढे सरकू लागली. हात दुखायला लागला, तरी ती दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.